नवव्या दिवसाचं नाव

माझ्या नवऱ्याला माझ्या सासऱ्याने मारलं. पोराचं नाव ठेवता ठेवता मारलं, सगळ्या आळीसमोर, हातात मधाची पोळी धरून. इतकी वर्षं झाली, तरी कुणाच्या घरून तसल्या पोळीचा वास आला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आम्हा लातिन माणसांत मुलाचं नाव म्हणजे नुसती हाक नसते. पोर कसं आलं, कधी आलं, ते त्या नावात असतं. सासरे भल्या सकाळी जन्मले म्हणून मानियुस. माझा नवरा पायाळू, आधी पाय आणि मग डोकं, म्हणून अग्रिप्पा. धाकटे दीर सर्वियुस, म्हणजे राखलेला. त्यांच्या वेळी आई गेली आणि पोर तेवढं हाती लागलं. बाप दूरदेशी असताना जन्मलं तर प्रोकुलुस. बाप मेल्यावर जन्मलं तर पोस्तुमुस. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून तर मुलगा आठ दिवस बिननावाचा ठेवतात. नवव्या दिवशी घरचा कर्ता पुरुष चुलीजवळच्या देवांसमोर नाव घेतो, आणि एकदा घेतलं की ते देवही परत देत नाहीत.

आमचा धंदा परटाचा. टेकडीवरच्या त्या गावात अर्ध्या लोकांची लोकरीची कापडं आमच्याकडे यायची. गल्लीच्या तोंडाशी मडकी ठेवलेली असायची, येणारा जाणारा त्यात मुतून जायचा, आणि त्याच मुतात सर्वियुसभाऊजी नि दोन गडी दिवसभर कापड तुडवायचे. लोक नाक मुरडायचे आणि पांढरीशुभ्र कापडं अंगावर घालून फिरायचे. मी त्या घरात आले तेव्हा सोळाची होते. अग्रिप्पा वर्षभर माझ्याजवळ राहिला, मग त्याचं नाव फौजेत निघालं आणि तो समुद्रापलीकडे हिस्पानियाला गेला. मला दिवस गेलेत हे त्याला ठाऊक होतं. जाताना म्हणाला, "मुलगा झाला तर नाव नीट बघून ठेवा. पायाळू नको म्हणावं, मला लोकांनी लहानपणी फार पिडलंय."

नवव्या महिन्यात मी पाय सुजवून बसले होते तेव्हा आळीतला होस्तुस परत आला. अग्रिप्पाच्याच तुकडीत होता. कामाच्या जागी येऊन उभा राहिला आणि त्याने अग्रिप्पाचा कमरपट्टा हौदाच्या कठड्यावर ठेवला.

"काका," तो सासऱ्यांना म्हणाला, "अग्रिप्पा गेला. नदीकाठी तापाने पडला. आम्हाला पुढे निघायचा हुकूम होता."

सासऱ्यांच्या हातातलं ओलं कापड खाली पडलं. मीच बोलले.

"गेला म्हणजे काय? डोळे तू मिटलेस त्याचे?"

"नाही, वहिनी."

"तीन मुठी माती टाकलीस?"

"वेळच कुठे होता? पण तो हलत नव्हता."

"रोज दुपारी तू दारू ढोसून पडतोस तेव्हा तूही हलत नाहीस. तुला पुरून टाकू का?"

गडी हसले. होस्तुस खाली बघायला लागला. मला वाटलं, झालं, हा माणूस खोटा पडला, आता सासरे त्याला दोन शब्द सुनावतील आणि आपण सगळे वाट बघायला लागू. पण सासऱ्यांनी माझ्या बोलण्यातली एकच गोष्ट उचलली.

"माती पडली नाही," ते म्हणाले. "माझ्या पोराला माती मिळाली नाही. म्हणजे तो भटकणार. घराच्या दाराशी येऊन उभा राहणार."

"येऊ दे की दाराशी! त्याचंच घर आहे!"

"सूनबाई, आत जा."

आत गेले. काय करणार? गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला सासऱ्यांनी चार दिवसांत थडगं बांधून घेतलं. आत काही नाही, नुसता तो कमरपट्टा. ते तिथे उभे राहून अग्रिप्पाच्या नावाने तीनदा ओरडले तेव्हा इकडे मी बाळंतपणाच्या खुर्चीत ओरडत होते. तेत्तिया आत्याबाई, सासऱ्यांची बहीण, गावातली अर्धी पोरं तिच्या हातची, तिनेच मला मोकळं केलं. "मुलगा आहे," ती म्हणाली. "डोक्याने आलाय, शहाणा आहे." सासरे थडग्याकडून परत आले, हातपाय धुतले आणि पोराला जमिनीवरून उचलून छातीशी धरलं. म्हणजे पोर घराचं झालं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला त्यांची दया आली होती, हेही सांगते. ती मला पुढे फार महाग पडली.

आमच्यात मेलेल्याचाही नववा दिवस असतो. थडगं आणि पोर एकाच दिवसाची. म्हणजे दोघांचा नववा एकच. आठव्या दिवशी हे माझ्या ध्यानात आलं आणि मी तशीच बाळाला छातीशी धरून कामाच्या जागी गेले.

"मामंजी, उद्या नाव काय ठेवणार?"

त्यांनी वर बघितलं नाही. "ठाऊक आहे तुला."

"प्रोकुलुस ठेवा. बाप दूर असताना जन्मला, एवढंच आपल्याला माहीत आहे. त्याच्यापुढचं कुणी बघितलेलं नाही."

"दूर म्हणजे किती दूर? तो गेला तिथून कुणी परत येतं का?"

"तुम्ही त्याला पाठवताय तिथे!" माझा आवाज चढला. "पोस्तुमुस म्हणालात की मी विधवा झाले. उद्याच माझा भाऊ खेचर घेऊन दारात उभा राहील. दहा महिने मला काळ्या कपड्यांत बसवेल आणि अकराव्या महिन्यात त्या तेलवाल्या विधुराच्या गळ्यात बांधेल. आणि पोर तुमच्याकडे राहणार, कारण पोर तुमच्या घराचं, मी परकी. एका शब्दात नवरा पण घेताय आणि मूल पण!"

"मी माझ्या पोराला झोप लागावी म्हणून करतोय," सासरे म्हणाले. "तू तरुण आहेस. तुला दुसरं मिळेल. मला दुसरा अग्रिप्पा मिळणार नाही."

दगडावर डोकं आपटलं तर दगड फुटतो का? ते उठून गेले. भाऊजी हौदात उभे होते, पोटऱ्यांपर्यंत त्या घाण पाण्यात. हा माणूस जन्मल्यापासून आईच्या मरणाच्या नावाने हाक ऐकत आला होता. मला वाटलं, हा तरी बोलेल.

"भाऊजी, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमच्याइतकं कुणाला कळणार?"

त्यांनी पाय थांबवले. "वहिनी, नावाची सवय होते."

"तुम्हाला झाली का?"

ते पुन्हा कापड तुडवायला लागले. माणसाला पाठीचा कणा असतो तो फक्त ओझी वाहायला नसतो, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही, कारण छातीशी पोर झोपलं होतं.

नवव्या दिवशी एकाच टेबलावर दोन्हीकडचं वाढून ठेवलं होतं. मेलेल्यासाठी मसूर, मीठ, उकडलेली अंडी. बाळासाठी मधाची पोळी. शेजारीपाजारी आले, पोराकडे बघून हसावं की अंड्यांकडे बघून रडावं हे त्यांनाच कळेना. बायका तर आधी रडून घेत होत्या आणि मग तोंड पुसून बाळाचे गाल ओढत होत्या. सासऱ्यांनी पोळीचा तुकडा चुलीत टाकला, चामड्याचा ताईत बाळाच्या गळ्यात बांधला आणि नाव घ्यायला तोंड उघडलं.

"थांबा!" मी म्हणाले.

बाळंतीण बाई, सोवळ्याच्या दिवशी, कर्त्या पुरुषाला थांबवते.

"इथे कुणी आहे का ज्याने माझ्या नवऱ्याला मेलेला बघितलं? डोळ्यांनी? एकाने सांगा. मी स्वतः काळं नेसते."

होस्तुस दाराशी होता, तो बाहेर सटकला. बाकीच्यांनी आपापली नखं बघितली. आत्याबाईने माझा दंड धरला. आणि सासऱ्यांनी माझ्याकडे न बघता, देवांकडे बघत, स्पष्ट आवाजात म्हटलं, "पोस्तुमुस."

मग मी मेलेल्याचं ताट उचललं आणि भिरकावून दिलं. मसूर भिंतीवर गेली, अंडी घरंगळत अंगणात गेली, तिथे कुत्र्याने खाल्ली. असं आमच्या गावात आजवर कुणी केलं नव्हतं. करायला नको होतं, असं लोक म्हणतात. मला तर वाटतं, टेबलही उलटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला, खेचर घेऊनच. "चल," म्हणाला. "चार लोकांत शोभा केलीस तेवढी पुरे." माझी गाठोडी बांधून झाली, आणि पोरासाठी आणलेली दाई आली. पण मला दूर ठेवूनही पोराने तिच्या छातीला तोंड लावलं नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा आवाज बसला. आत्याबाई माझ्या भावासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पोर मेलं तर दुसरं थडगं कोण बांधणार, तू? दूध तुटेपर्यंत राहू दे तिला."

"पहिलं तरी मी कुठे बांधलं?" भाऊ म्हणाला.

"पहिलं रिकामंच आहे. त्यात तू जाशील, माझ्या हाताने!"

असं ठरलं. मी माझ्याच घरात दाई म्हणून राहिले. टेबलावरची जागा गेली. मोलकरणींबरोबर चुलीपाशी बसून भरड गव्हाची पेज प्यायची, त्यांच्यातच झोपायचं. काळं मात्र मी नेसले नाही. सासरे तोंडाने काही म्हणाले नाहीत, पण माझ्या अंगावरचं पांढरं लुगडं दिसलं की ते तोंड फिरवायचे. मी रोज ते जास्त पांढरं धुवायचे. परटाच्या घरात तेवढं तर फुकट होतं.

पोराला मी त्या नावाने कधी हाक मारली नाही. बाळ म्हणायचे, सोन्या म्हणायचे, चिडले तर माकडा म्हणायचे. बाकी घर, गडी, आळी, सगळे पोस्तुमुस, पोस्तुमुस. एकदा अंगणात कुणी नाहीसं बघून मी हाक मारली, "प्रोकुलुस!" तो कोंबडीच्या मागे होता. वळूनसुद्धा बघितलं नाही त्याने. त्या दिवशी मी कोंबडीला दगड मारला, बिचारीचा काय दोष होता?

तिसरं वर्ष सरत आलं. पोर भाकरी खायला लागलं, चुरुचुरु बोलायला लागलं, आणि सासरे म्हणाले, पुरे आता. आत्याबाईने माझ्या छातीला लावायला कडू पाला वाटून ठेवला. भावाला निरोप गेला. पाच दिवसांनी खेचर येणार होतं, तेलवाला अजून थांबलेला होता. त्या दिवसांत मी कुणाशी एक शब्द धड बोलले नाही. भांडी आपटली, दारं आपटली. रात्रंदिवस एकच डोक्यात, एका म्हाताऱ्याच्या भीतीपायी माझं पोर मला सोडायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. भाऊजींनी उघडलं. मग ते असे किंचाळले की हौदातले गडी पळत आले. त्यांनी दार धाडकन लावलं आणि पाठ टेकून उभे राहिले, पांढरेफटक.

बाहेरून आवाज आला. "अरे सर्व्या, वेडा झालास काय? मी आहे! दार उघड!"

तो आवाज मी कुठेही ओळखला असता. मी धावले. सासरे माझ्याआधी दाराशी पोचले आणि त्यांनी अडसरावर हात ठेवला.

"बाजूला व्हा, मामंजी!"

"या दारातून नाही. दाराच्या देवासमोर त्याला मेला म्हणून सांगितलंय. मेलेला उंबरा ओलांडून आला तर घर बुडेल."

"बाबा, मी मेलो नाहीये!" बाहेरून अग्रिप्पा ओरडला.

"तू गप्प बस! तीन वर्षं झाली तुला मरून, तुला काय कळतंय!"

सासऱ्यांनी अडसर घट्ट धरला होता. रडत होते, हसत होते, पण अडसर काढेनात. मी त्यांच्या मनगटाला चावले असते. खरंच चावले असते. पण आत्याबाई मध्ये आली.

"दाराने नाही ना? मग छताने घ्या. ज्याचं मरण करून झालंय तो परत आला तर छतातून येतो, हे आपल्या आजोबांच्या वेळचं आहे. सर्व्या, कापडं वाळवायचे दोर आण. आणि तुझे पाय आधी सावर."

शेजारच्याच्या गच्चीवरून अग्रिप्पा आमच्या कौलांवर आला. कौलं कडकडत होती, खाली सगळी आळी तोंड वर करून. चौकाच्या वर छताला उघडं तोंड आहे, पावसाचं पाणी त्यातून खाली चौकातल्या छोट्या हौदात पडतं. त्या भोकातून आधी दोन पाय दिसले, मातीने भरलेले, एक वाकडा झालेला. मग गुडघे. मग दोराला धरलेले हात.

"अगं बाई," आत्याबाई म्हणाली, "पुन्हा पायांनीच आला!"

सगळे हसले. मी हसले नाही. मी त्या पायांकडे बघत होते आणि माझ्या तोंडातून शिव्या येत होत्या, कुणाला ते मलाच कळत नव्हतं. तो हौदात धप्पकन पडला, उठून उभा राहिला. गुडघाभर पाण्यात. हाडं नि कातडी, दाढी छातीपर्यंत. एका धनगराच्या म्हातारीने त्याला नदीकाठून उचलून नेलं होतं आणि बकरीच्या दुधावर जगवलं होतं, मग चालत, मोलमजुरी करत तो आला होता. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा तो फक्त माझ्याकडे बघत होता. मग माझ्या पदरामागे.

"हा आपला?"

"तुझाच," मी म्हणाले.

त्याच्या तोंडावर जे आलं ते बघून सगळ्या बायका पदर डोळ्याला लावायला लागल्या. तो पाण्यातच खाली वाकला. "नाव काय ठेवलंत?"

त्याच्या कपड्यांतून पाणी टपटपत होतं. भाऊजी भिंतीकडे वळले. आत्याबाईने दोर गुंडाळायला घेतला. तीन वर्षं मी या क्षणाची वाट बघितली होती, खोटं कशाला बोलू? रोज, पेज पिताना, पांढरं लुगडं पिळताना.

"मामंजी," मी म्हणाले, "सांगा ना. तुम्हीच ठेवलंय. देवांसमोर."

सासरे हौदाच्या काठाशी आले. त्यांनी पोराकडे बघितलं, मग पाण्यातल्या आपल्या पोराकडे. आणि अगदी हळू म्हणाले, "प्रोकुलुस."

मला वाटलं होतं की हा शब्द त्या तोंडातून ऐकला की माझ्या पोटातली आग विझेल. विझायला एक क्षण तरी मिळाला असता तर कळलं असतं. पण पोर पदरामागून बाहेर आलं, पाय आपटला आणि आजोबांवर खेकसलं. "नाही! आजोबा, मी पोस्तुमुस!" मग पाण्यातल्या दाढीवाल्याला नीट कळावं म्हणून छातीवर हात ठेवून पुन्हा म्हणालं, "पोस्तुमुस."

अग्रिप्पाही लातिनच आहे. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"कधी ठेवलंत?" त्याने बापाला विचारलं.

"नवव्या दिवशी."

"मी तेव्हा जिवंत होतो, बाबा."

सासरे काठावर बसले ते मग संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. मी पोराला उचललं आणि हौदात त्याच्या बापाशेजारी उभं केलं. दोन दिवसांनी भाऊ खेचर घेऊन आला तेव्हा मी त्याला दारातूनच परत धाडलं, आणि तेलवाल्यासाठी निरोपही दिला, तो इथे सांगण्यासारखा नाही.

नाव बदलता आलं नाही. देवांसमोरचं नाव तेच राहतं. पुढे सासरे सात वर्षं जगले आणि त्या सात वर्षांत त्यांनी पोराला नावाने एकदाही हाक मारली नाही. "ए" म्हणायचे, "इकडे ये" म्हणायचे. मी मात्र त्या दिवसापासून बाळ, सोन्या सगळं सोडून दिलं. सासरे अंगणात ऊन खात बसले की मी दारात उभी राहायचे, आणि अग्रिप्पा हौदात कापड तुडवत असताना, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारायचे, "पोस्तुमुस! ए पोस्तुमुस! बापाला जेवायला बोलाव!"